फॉर्म मिळाला, किल्ली नाही

जून-जुलैत ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही डिग्री कॉलेजच्या ऑफिसबाहेर घटकाभर उभं राहिलं, की एक प्रश्न सारखा कानावर पडतो. "ओई कुठलं घेतलंस?" ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा विषय. बीकॉमच्या मुलीने कला किंवा विज्ञान शाखेतलं काहीतरी घ्यायचं, बीएस्सीच्या मुलाने वाणिज्य किंवा कला शाखेतलं. या प्रश्नाला विषयाच्या नावाने उत्तर फार कमी वेळा मिळतं. "सोपं कुठलंय ते सांग." "त्या मॅडमचं घे, इंटर्नल चांगले देतात." "माझं साडेसातच्या लेक्चरला बसत होतं म्हणून घेतलं." "बाकीचे फुल झाले रे."

या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं शिकवलं, आणि ही उत्तरं ऐकून सुरुवातीला मला मुलांचा राग यायचा. आता येत नाही. मुलं हुशारीनेच वागतात. त्यांना जो प्रश्न विचारला गेला आहे, त्याचं ते शहाणपणाचं उत्तर देतात. प्रश्न असा असतो: या पाच नावांपैकी एकासमोर टिक कर, दोन दिवसांत कर, आणि चुकलं तर सेमिस्टरभर निस्तर. तुला काय जाणून घ्यायचं आहे, हे त्या फॉर्मवर कुठेच विचारलेलं नसतं. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला शिकण्याचं स्वातंत्र्य देण्याची भाषा आपल्याकडे गेली काही वर्षं जोरात सुरू आहे. त्या भाषेतलं किती ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या वर्गात पोहोचलं, हे तपासून पाहावं म्हणून हा लेख.

'स्वायत्त' या शब्दापासून सुरुवात करायला हवी, कारण तो या भागात आता पाटीपाटीवर दिसतो. ठाण्याचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि त्याच आवारातलं जोशी-बेडेकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर आणि मॉडेल ही त्यांतली काही नावं. स्वायत्त महाविद्यालयांची कल्पना कोठारी आयोगाने (1964-66) मांडली. 1978 मध्ये तमिळनाडूतल्या मोजक्या महाविद्यालयांपासून ती प्रत्यक्षात आली, 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने तिला बळ दिलं, आणि मुंबई विद्यापीठाच्या परिघात झेवियर्सला 2010 मध्ये हा दर्जा मिळाल्यावर उपनगरांत त्याची चर्चा सुरू झाली. आठशेहून अधिक महाविद्यालयांचा भार वाहणारं विद्यापीठ प्रत्येकासाठी एकच अभ्यासक्रम आणि एकच प्रश्नपत्रिका काढत होतं. 2017 मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन तपासणीत निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं, आणि आपल्या परीक्षा आपणच घेतलेल्या बऱ्या असं अनेक संस्थांना मनापासून वाटू लागलं. ते बरोबरच होतं. स्वायत्त महाविद्यालयात निकाल वेळेवर लागतो, अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलता येतो, शेजारच्या उद्योगाशी जुळणारा एखादा विषय आणता येतो.

पण ही स्वायत्तता संस्थेची आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची रचना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सांगितलेली आहे. विभागप्रमुख, विभागातले शिक्षक, बाहेरचे तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला तज्ज्ञ, उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी, एक गुणवंत माजी विद्यार्थी. आज त्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला तिथे खुर्ची नाही. तो विषय पास होऊन गेलेल्याला आहे. मध्ययुगात बोलोन्यात विद्यार्थ्यांचा संघच शिक्षक नेमत असे आणि उशिरा आलेल्या शिक्षकाला दंड करत असे. तेवढं टोक कुणी मागत नाही. पण सेमिस्टर संपल्यावर, "हे चौथं युनिट आम्हाला कळलंच नाही, कारण त्याआधीचं गणित आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं," एवढं अधिकृतपणे सांगायची जागा असायला काय हरकत आहे?

विद्यार्थ्याच्या हातात प्रत्यक्ष काही पडलं ते श्रेयांक पद्धतीमुळे. मुंबई विद्यापीठाने 2011-12 पासून सेमिस्टर आणि श्रेयांक आणले, 2016-17 मध्ये निवडीवर आधारलेली पद्धत आली, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने 2023-24 पासून स्वायत्त आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवी रचना लागू केली. या रचनेत एका सेमिस्टरला 20 ते 22 श्रेयांक. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्काचा प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणजे ओजेटी. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले श्रेयांक एबीसीत, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेत, सात वर्षं जपून राहतात. कागदावर ही रचना मला मनापासून आवडते. संस्कृत शिकणाऱ्या मुलीने संख्याशास्त्र घ्यावं, रसायनशास्त्राच्या मुलाने नाट्यशास्त्र घ्यावं, आणि दोघांनाही त्याचं मोल मार्कलिस्टवर दिसावं, यासाठी आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी सभांमध्ये घसा कोरडा केला होता.

मग अडलं कुठे? बास्केटमध्ये, म्हणजे निवडीसाठीच्या यादीत, कोणते विषय येतात, हे ठरवणारा घटक शिक्षकांच्या खोलीत असतो. त्याला आम्ही वर्कलोड म्हणतो. ज्या विभागाची मुलं कमी झाली त्या विभागातल्या शिक्षकांचे तास भरले पाहिजेत, म्हणून त्यांचा विषय बास्केटमध्ये येतो. ज्या विषयाला मुलं धावतील तो शिकवायला कायमचा माणूस नसतो. तासिका तत्त्वावर आलेले शिक्षक सकाळी डोंबिवलीत, दुपारी कल्याणात आणि संध्याकाळी क्लासमध्ये असे फिरत असतात. त्यांच्याकडून नवा विषय उभा करून घेण्याची अपेक्षा कुणी कोणत्या तोंडाने करायची? वर्गखोल्याही मोजक्याच. एकाच इमारतीत सकाळी वाणिज्य, दुपारी कला-विज्ञान, मध्ये ज्युनियर कॉलेज. तीन शाखांच्या मुलांना एकत्र बसवायचं तर तिन्हींच्या वेळापत्रकात एकच तास मोकळा ठेवावा लागतो. जिथे तो ठेवला जातो तिथे बास्केट जिवंत असते. जिथे नाही तिथे बीकॉमच्या वर्गातल्या 120 जणांना बीकॉमच्याच खोलीत एकच 'ओपन' विषय शिकवला जातो आणि फॉर्मवर पर्याय म्हणून छापला जातो. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्यात कुणा एकाची लबाडी नाही. पदं भरली गेली नाहीत, की शेवटी ती किंमत विद्यार्थ्याच्या निवडीतून वसूल होते.

निवड भरपूर दिली म्हणजे शिकणारा आपोआप मोकळा होतो, हा समज जगाने आधी करून पाहिला आहे. चार्ल्स एलियट 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी सक्तीचे विषय जवळपास संपवले. मुलांनी हवं ते घ्यावं. अनेकांनी सगळ्या विषयांचे पहिले पाठ तेवढे घेतले, आणि कशातच खोल न जाता पदवी मिळवली. 1909 मध्ये त्यांच्या जागी लॉवेल आल्यावर एक विषय खोलवर आणि बाकीचे विखुरलेले, असा मधला मार्ग काढावा लागला. आज आपण मेजर-मायनर म्हणतो त्याच्या मुळाशी तो धडा आहे. शंभर वर्षांनी अमेरिकेतल्याच कम्युनिटी कॉलेजांत तोच प्रश्न वेगळ्या अंगाने आला. तिथे पहिल्यांदा शिकणाऱ्या घरांतली, नोकरी करत शिकणारी मुलं जातात. कल्याण-डोंबिवलीतल्या आपल्या मुलांशी त्यांचं बरंच साम्य आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी 2011 मध्ये आणि पुढे थॉमस बेली व सहकाऱ्यांनी 2015 च्या पुस्तकात दाखवलं, की विषयांची लांबच लांब यादी आणि सल्ला द्यायला कुणी नाही, अशा ठिकाणी मुलं भरकटतात, नको ते विषय घेतात, श्रेयांक वाया जातात. ज्या घरात काका प्राध्यापक आणि ताई इंजिनियर आहे तिथे ही यादी कुणीतरी जेवताना समजावून सांगतं. ज्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली जात आहे, तिथे ती यादी भिंतीसारखी उभी राहते. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या भागात स्वातंत्र्याची पहिली गरज माणसाची आहे. फॉर्म भरायच्या आधी दहा मिनिटं शेजारी बसून, "तुला पुढे काय करायचंय? मग हा घे, तो पुढच्या सेमला घे," असं सांगणारा एक शिक्षक. आज हे काम ऑफिसातला क्लार्क किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सीनियर करतो.

निवडीपेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे, आणि तिची चर्चा जवळजवळ होतच नाही.

मुंबईच्या सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48, कल्याण 54. पण इथल्या महाविद्यालयांतली मुलं फक्त या तीन गावांची नसतात. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, वासिंद, कसारा, कर्जत, शहाडपलीकडची खेडी, मुरबाडकडून एसटीने येणारी मुलं. कसाऱ्याहून ठाण्याला येणारा मुलगा एका वेळी ऐंशी-नव्वद किलोमीटर लोकलने काटतो. सातचं लेक्चर असेल तर पहाटे चारला घरात दिवा लागतो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली, तरी सकाळच्या गर्दीत दाराशी लटकणं संपलेलं नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि जीव गेले, तेव्हा या पट्ट्यातल्या प्रत्येक आईने आपल्या मुलाला फोन केला असेल. अशा प्रवासानंतर वर्गात पोहोचलेल्या मुलाला आपण हजेरीचा 75 टक्क्यांचा नियम दाखवतो. पहिलं लेक्चर बुडलं, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये. पालकांना बोलवा, हमीपत्र लिहून द्या, मग हॉल तिकीट.

हजेरी नसावी असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत हात चालवावाच लागतो, आणि पहिल्या वर्षाला वर्गाची सवय लागावी लागते. पण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आठवड्यातले कोणते तास वर्गात आणि कोणते वाचनालयात घालवायचे, हे ठरवायची मुभा दिली तर काय बिघडेल? वेळेचा विचार करणारे आपल्याकडे होऊन गेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात शिवाजी महाविद्यालय उभं केलं ते 'कमवा आणि शिका'च्या पायावर. शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे दोघांनीही आधी पाहिलं आणि मग वेळापत्रक आखलं. आज बीकॉमच्या वर्गातली कितीतरी मुलं दुपारनंतर मोबाइलच्या दुकानात, कॉल सेंटरवर, डिलिव्हरीवर, आईच्या पोळीभाजी केंद्रावर काम करतात. त्यांचं काम कॉलेजला माहीतही नसतं. ओजेटीचे चार श्रेयांक म्हणजे साधारण 120 तास. त्यासाठी ही मुलं ओळखीच्या ऑफिसातून पत्र आणतात, आणि जे काम खरोखर करतात, ज्यात हिशोब, गिऱ्हाईक, साठा, उधारी सगळं शिकतात, त्याला श्रेयांक मिळत नाहीत. पोळीभाजी केंद्राच्या सहा महिन्यांच्या वहीवरून खर्चाचा अभ्यास लिहिणारी मुलगी मला कोणत्याही शिक्क्याच्या पत्रापेक्षा जास्त खात्रीची वाटते.

"ही मुलं स्वतःहून अभ्यास करणारी नाहीत," असं स्टाफरूममध्ये नेहमी बोललं जातं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा अभ्यासिकेत जाऊन यावं. वाचनाची परंपरा इथे जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ठाणे महापालिकेची स्पर्धा परीक्षांसाठीची चिंतामणराव देशमुख संस्था 1987 पासून आहे. नाक्यानाक्यावरच्या अभ्यासिकांत मुलं सकाळी सातला डबा घेऊन बसतात आणि रात्री दहाला उठतात. वेळापत्रक त्यांनी स्वतः आखलेलं असतं, चाचण्या स्वतः लावलेल्या असतात, एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासल्या जातात. सीए करणारी मुलंही तशीच. 2023 पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली. ऑफिस सांभाळून, रजा साठवून, परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजत ती अभ्यास बसवतात. म्हणजे स्वतःचा अभ्यास स्वतः चालवायची ताकद इथे आहे. ती कॉलेजच्या दाराबाहेर वापरली जाते, हे मला अस्वस्थ करतं. आणि तिथेही मुलं अभ्यास कसा करायचा एवढंच ठरवतात, कशाचा करायचा ते लोकसेवा आयोगाने आणि सीएच्या इन्स्टिट्यूटने आधीच ठरवलेलं असतं. तो दुसरा निर्णय शिकवण्याची जागा महाविद्यालय हीच होती.

आता परीक्षेकडे येतो. विद्यार्थ्याने काय शिकायचं ते शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. 2011-12 मध्ये मुंबई विद्यापीठाने अंतर्गत मूल्यमापनाला 40 गुण दिले होते, तेव्हा मोठी आशा होती. शिक्षक वर्गात चर्चा घडवतील, मुलं छोटी कामं करतील, त्याला गुण मिळतील. काही वर्षांतच ते गुण सरसकट वाटले जाऊ लागले, त्यांचं वजन आधी घटवलं गेलं, पुढे पारंपरिक शाखांत ते काढूनच टाकलं. नव्या रचनेत 60:40 परत आलं आहे. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टही परत आले आहेत. मागच्या वर्षीचं पहिलं पान बदललं की नवा प्रोजेक्ट तयार. स्पायरल बाइंडिंगसकट. जर्नल लिहून मिळतं. अलीकडे तेवढ्यासाठी दुकानातही जावं लागत नाही, मोबाइलवर एक प्रश्न टाकला की पाच पानं मिळतात.

विषय मुलाचा नसेल तर तो दुसऱ्याकडून करून घेण्यात त्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही. यादीतला 'भारतातील बँकिंग क्षेत्राचा अभ्यास' हा विषय साठ जणांना वाटला जातो. त्यात शोधण्यासारखं काही उरलेलंच नसतं. उलट आपल्याभोवती पाहा. बांदोडकर महाविद्यालयाचं आवार ठाणे खाडीला लागून आहे. ती खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेली. कल्याण-उल्हासनगरातून वालधुनी वाहते आणि तिचं पाणी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचं असतं, हे काठावरच्या मुलांना कॅलेंडरसारखं पाठ असतं. डोंबिवलीची एमआयडीसी साठच्या दशकातली. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 ला तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या इमारतींत आमचे विद्यार्थी राहतात. कारखान्याच्या कुंपणापासून आपलं घर किती मीटरवर आहे, नियमाने किती असायला हवं, विमा मिळाला का, किती घरांनी भाड्याची जागा बदलली, असे प्रश्न त्यांच्याकडे तयार आहेत. भूगोल, रसायन, वाणिज्य, समाजशास्त्र, चारही विषयांना पुरतील एवढे. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काचे श्रेयांक नव्या रचनेत आहेतच. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. शिक्षकाने यादी फाडून टाकावी आणि मुलांना महिनाभर फक्त प्रश्न शोधायला द्यावा, एवढंच लागतं. तो महिना रिकामा गेल्यासारखा वाटेल, काही मुलं काहीच आणणार नाहीत. आणणाऱ्यांचे पहिले प्रश्न भाबडे असतील. तरी द्यावा.

माझ्या वर्गात एकदा मी तसं केलं होतं. एका मुलीने प्रश्न आणला: तिच्या चाळीतल्या नळाला पाणी आठवड्यातून किती तास येतं, आणि त्या तासांत बायका कामावर असल्या तर पाणी कोण भरतं? तिने तीन महिने वही ठेवली. तिच्या लिखाणात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, तक्ते वेडेवाकडे होते. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. "ते मी मोजलं नाही, पण मोजायला हवं होतं," असं ती म्हणाली. मूल्यमापनाच्या ठरलेल्या रकान्यांत या वाक्याला गुण नव्हते. त्या वर्षी मला सर्वांत जास्त समाधान त्या वाक्याने दिलं.

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या विषयावर बरंच काम केलं. माणूस आतून शिकायला लागतो त्यासाठी तीन गोष्टी लागतात, असं ते म्हणतात: हे मी ठरवलं आहे ही जाणीव, हे मला जमतंय हा अनुभव, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. आपण पहिलीवरच भर देतो आणि उरलेल्या दोन विसरतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी इंग्रजीतला संदर्भग्रंथ हातात देऊन 'स्वतः वाच' म्हटलं, तर त्याला त्यात आपण एकटे पडलो एवढंच जाणवतं. त्याला आधी तो विषय त्याच्या भाषेत कळू दे, एक छोटं काम पूर्ण जमू दे, मग हात सोडावा. ऑनलाइन शिक्षणाचंही इथेच अडतं. 'स्वयम्' 2017 पासून आहे आणि 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर 1989 पासून नोकरदार, गृहिणी, शिक्षण सुटलेल्यांना पदवीपर्यंत नेत आलं आहे, आणि त्याचा अनुभव आपल्या नेहमीच्या महाविद्यालयांनी फारसा विचारात घेतलेला नाही. पडद्यावरचं व्याख्यान कितीही चांगलं असलं तरी रविवारी अभ्यासकेंद्रावर भेटणारा सल्लागार लागतो, हे मुक्त विद्यापीठाला सुरुवातीपासून ठाऊक होतं.

कधीही थांबा आणि परत या, ही सोय मला थोडी काळजीत टाकते. मुलाला आजारपण आलं, घरात कुणी गेलं, तर वर्ष फुकट जाऊ नये हे योग्यच आहे. पण मुलीच्या बाबतीत "एक वर्ष झालं ना, सर्टिफिकेट आलं ना, आता स्थळं बघू," असं म्हणणारं घर या पट्ट्यात अजून आहे. तिचे श्रेयांक सात वर्षं बँकेत राहतील. तिला परत यायला कोण सोडेल? अशा घरात महाविद्यालयाने फोन करायला हवा, आणि तोही थांबण्याचा अर्ज मंजूर करण्याआधी.

विद्यार्थ्यांच्या आवाजाबद्दल थोडक्यात. हिंसाचारामुळे राज्यात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या कायद्याने गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, 2019 मध्ये त्या होणार होत्या, विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्याच कायद्यात महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला जागा आहे. अठराव्या वर्षी आमदार निवडणाऱ्या मुलाला वर्गप्रतिनिधी निवडता येत नाही, आणि शुल्क, वाचनालयाची वेळ, उपाहारगृह यांवर बोलणारा त्याचा प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमलेला असतो. यात बदल व्हायला हवा, इतकंच सांगून पुढे जातो, कारण मला ज्या जागेबद्दल बोलायचं आहे ती वेगळी आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलेज सुटल्यावर एखाद्या हॉलमध्ये दिवे दिसतात. एकांकिकेची तालीम. ठाण्याची जोशी-बेडेकर आणि ज्ञानसाधना ही नावं या स्पर्धांच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत. युवा महोत्सव, आयएनटी, चतुरंगची सवाई, आणि गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, अत्रे रंगमंदिरात होणारे प्रयोग. इथे विषय मुलांचा असतो, लिहिणारा त्यांच्यातलाच. दिग्दर्शक बहुधा दोन वर्षांपूर्वीचा सीनियर. बीएस्सीचा मुलगा प्रकाशयोजना शिकतो, म्हणजे व्होल्टेज आणि सावली दोन्ही शिकतो. बीकॉमची मुलगी नेपथ्याचं बजेट धरते आणि उल्हासनगरातून कापड स्वस्तात आणते. मध्येच संहिता बदलते, कुणी रुसतं, कुणी दुसऱ्याच्या भूमिकेसाठी आपली सोडतं. हजेरीपट नसतो, तरी सगळे वेळेवर असतात, कारण एक जण उशिरा आला की बाकीच्या अकरा जणांचा खोळंबा होतो. प्रयोग पडला तर त्याच रात्री परतीच्या गाडीत त्याची चिरफाड होते. कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात स्वायत्त शिक्षणाची जी लक्षणं सांगतात, ती सगळी मी त्या हॉलमध्ये पाहिली आहेत. त्याला दोन-चार श्रेयांक आता मिळतात. मिळोत. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या हॉलची किल्ली मुलांकडे असते. साडेनऊला वॉचमन येतो, एक जण सही करतो, पंखे बंद करतो, किल्ली परत देतो.

तशी किल्ली आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची देत नाही, ते सुरक्षिततेसाठी ठीकच आहे, तिथे शिक्षक हवाच. पण संगणककक्ष, भूगोलाची नकाशाखोली, वाचनालयातला संदर्भविभाग, भाषा विभागाची दोन कपाटं? संध्याकाळी पाचला ही सगळी दारं बंद होतात, आणि कसाऱ्याच्या गाडीला अजून दीड तास असलेला मुलगा फलाटावरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसतो. माझी मागणी लहान आहे आणि ती मी निवृत्तीच्या आधी लेखी दिली होती: तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या तीन मुलांची नावं महिन्यापुरती फळ्यावर लिहावीत, संदर्भविभागाची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी, दाराजवळ दोरीला बांधलेली एक वही ठेवावी. कोण आलं, काय काढलं, किती वाजता कुलूप लावलं. पहिल्या महिन्यात एखादं पुस्तक हरवेल, असं मी त्या पत्रात लिहिलं होतं, आणि त्याची किंमत माझ्या पगारातून घ्यावी असंही.